पहिला परवाना कोणता मागावा?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत म्यूल डिअरच्या पहिल्या शिकारीला जायचं म्हटलं, की नवख्याला एकच सल्ला मिळतो: थांब. दरवर्षी अर्ज कर, पॉइंट घे, परवाना मात्र घेऊ नकोस. दहा-बारा वर्षांनी एखाद्या नावाजलेल्या युनिटात, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागात, नंबर लागेल, तेव्हा जा. हा सल्ला देणारी माणसं अडाणी नसतात. त्यांनी डोंगर पाहिलेले असतात, हरणं मारलेली असतात, आणि त्यांना आपलं भलंच हवं असतं. म्हणून तो खोडून काढायचा तर आधी त्याची पूर्ण बाजू मांडली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिल्या शिकारीपुरता हा सल्ला चुकीचा आहे. मी स्वतः तो शिकागोजवळच्या घरात बसून सात वर्षं पाळला.

ज्यांना हे हरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. म्यूल डिअर म्हणजे खेचरकान्या हरण. कान खेचरासारखे मोठे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, आणि एक इकडे वळला तर दुसरा तिकडे वळू शकणारा. 1805 मध्ये मिझुरी नदीच्या वरच्या अंगाला चाललेल्या ल्युइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या रोजनिशीत हे नाव येतं. 1817 मध्ये राफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला ‘हेमिओनस’ ही संज्ञा दिली. ग्रीकमध्ये तिचा अर्थ ‘अर्धं गाढव’, म्हणजे पुन्हा खेचरच. ढुंगण पांढरं, शेपटीचं टोक काळं. नराच्या शिंगाला फाटा फुटतो आणि त्या फाट्याला पुन्हा दोन फाटे. बिचकलं की हे हरण चारही पाय एकदम जमिनीवर आपटून उसळ्या मारत जातं, चढावरसुद्धा. त्याला सेजब्रशची खुरटी झुडपं, ज्युनिपरची विरळ झाडी, ॲस्पनची बनं आणि वर उघडी डोंगरमाथ्याची कुरणं लागतात.

आणि त्याला जागा लागते. ती जागा या राज्यांत आजही आहे, कारण तिथली बरीच जमीन कुणा एकाची नाही. नेवाडाची सुमारे 80 टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे, युटा आणि आयडाहो यांची 60 टक्क्यांच्या वर, कोलोरॅडोची एक तृतीयांशाहून जास्त. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एकाच खात्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर आहेत. महाराष्ट्रासारखी तीन राज्यं त्यात बसून जागा उरेल. वनखात्याकडचे 19.3 कोटी एकर वेगळेच. आपल्याकडच्या गायरानाची कल्पना करावी, फक्त ते क्षितिजापर्यंत पसरलेलं. गुरं चारायला भाडेपट्टा घ्यावा लागतो, पण पायी फिरायला, तंबू ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. जमीन सरकारची असली तरी तिच्यावरचं हरण त्या त्या राज्याच्या जनतेचं मानलं जातं, म्हणून ते मारण्याचा परवाना राज्य देतं.

मराठी वाचकाच्या मनात याच्याही आधीचा एक आक्षेप असतो: मुळात मारायचंच कशाला? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि आपल्या जंगलांची तेव्हाची अवस्था पाहता ते योग्यच झालं. तिथेही एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस विकणाऱ्यांनी हरणं जवळपास संपवली होती. पण पुढचा रस्ता वेगळा निघाला. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब पठारावर हरणांसाठी राखीव क्षेत्र केलं. हरणांची शिकार थांबली, सरकारी माणसांनी डोंगरी सिंह आणि कोयोटी टिपून मारले. हरणं इतकी वाढली, की झाडांचा पाला उंचावरच्या फांदीपर्यंत संपला आणि 1924-25 च्या हिवाळ्यात हजारो हरणं उपासमारीने मेली. नेमक्या आकड्यांवर आणि कारणांवर अभ्यासकांत नंतर बराच वाद झाला. पठार खरवडलं गेलं होतं यावर मात्र फारसा झाला नाही. शिकारीचा खर्चही तिथे वन्यजीवांच्या कामी येतो: 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुकांवरच्या आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. हे पटलं नाही तरी चालेल. ज्याला मारायचंच नाही त्याच्याशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो ज्याला जायचं आहे आणि तरी थांबवलं जातं, त्याच्या सल्लागारांशी.

त्यांचा पूर्वपक्ष असा. परराज्यातल्या माणसासाठी परवाने मोजके, मागणारे फार, म्हणून म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघते. कोलोरॅडोत 1999 पासून हरणाचा प्रत्येक परवाना मर्यादित आहे. पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला नाही, की अर्जदाराच्या खात्यावर एक पॉइंट जमा होतो. ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी मिळतो. आणि मिळाला की साठवलेले सगळे पॉइंट जातात. ज्या युनिटात परवाने कमी, तिथे गर्दी कमी, नर वयात येईपर्यंत जगतात, शिंगं मोठी होतात. म्हणून सहज मिळणाऱ्या युनिटावर पॉइंट खर्च करणं म्हणजे पेरणीचं बियाणं खाऊन टाकणं. शिवाय सोप्या युनिटात नारिंगी जाकिटांची जत्रा, हरणं बिथरलेली. नवखा एकदा हात हलवत परत आला, की पुन्हा जात नाही. रजा मोजकी, प्रवास लांबचा, खर्च मोठा. तेव्हा एकदाच जा, पण चांगल्या ठिकाणी जा.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे, चूक त्यांच्या बेरजेत आहे.

आधी रांगेचं गणित घेऊ. समजा, एका नावाजलेल्या युनिटात परराज्यातल्यांसाठी वर्षाला 40 परवाने आहेत आणि तुमच्यापेक्षा जास्त पॉइंट असलेले 600 लोक तुमच्या पुढे आहेत. 600 भागिले 40, पंधरा वर्षं, असा हिशेब मनात धरून माणूस रांगेत उभा राहतो. पण रांग बंद दाराची नसते. दुसऱ्या युनिटासाठी पॉइंट साठवणारे तिथला कंटाळा आला की इकडे वळतात, आणि त्यांचे पॉइंट तुमच्याहून जास्त असतील तर ते तुमच्या पुढे येऊन उभे राहतात. असे वर्षाला वीस जण आले, तर रांग वर्षाला चाळीसने नाही, वीसनेच सरकते. पंधराची तीस वर्षं झाली. अडतिसाव्या वर्षी पहिला पॉइंट घेतलेला माणूस अडुसष्टाव्या वर्षी नऊ हजार फुटांवर चढायला निघणार. आणि मध्येच एखादा वाईट हिवाळा आला, राज्याने परवाने 40 वरून 20 केले, तर वीस जाणार आणि वीस येणार. रांग जागची हलणारच नाही. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण जे घडतं ते असंच घडतं. शिकारी लोकांनी त्याला ‘पॉइंट क्रीप’ असं नावही दिलं आहे. माझ्या सात वर्षांत माझं खातं सातने वाढलं आणि मला हव्या असलेल्या युनिटाची पायरी त्याच गतीने वर गेली.

वाईट हिवाळा मी उदाहरणापुरता घातलेला नाही. 2022-23 चा हिवाळा नैर्ऋत्य वायोमिंग आणि वायव्य कोलोरॅडोत आला तो वैरी होऊनच. बर्फ लवकर पडला, त्याच्यावर कडक साय धरली, आणि खाली दबलेला सेजब्रश हरणांच्या खुरांना उकरता येईना. वायोमिंग रेंजच्या प्रसिद्ध कळपातली, अभ्यासासाठी गळ्यात पट्टे घातलेली जवळपास सगळी पाडसं त्या एका हिवाळ्यात मेली आणि माद्यांतल्याही बहुतेक गेल्या. पाडसांची एक अख्खी पिढी गेली, की पाच-सहा वर्षांनी ज्यांच्या शिंगांसाठी लोक रांगेत उभे असतात ते नर शिल्लकच नसतात. साठवलेले पॉइंट खात्यावर तसेच राहिले. ज्याच्यासाठी साठवले तो कळप राहिला नाही. पॉइंटांना बचत म्हणणाऱ्यांनी या फरकाचा विचार केलेला मला दिसत नाही. बँकेतल्या पैशाने निदान धान्य कुठलंही विकत घेता येतं.

दुसरी गोष्ट युनिटाच्या सीमांची. त्या रस्त्यांवरून, नद्यांवरून, पाणलोटाच्या धारेवरून आखलेल्या असतात, कारण माणसाला त्या ओळखता याव्या लागतात. हरणाचं वर्ष त्या सीमा ओलांडून चालतं. वायोमिंगच्या रेड डेझर्टमधून होबॅकच्या खोऱ्याकडे जाणारी म्यूल डिअरची दीडशे मैलांची वाट संशोधकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी जीपीएस पट्ट्यांवरून उजेडात आणली. वसंतात कोवळं गवत जसजसं उंचावर उगवत जातं तसतशी हरणं त्याच्यामागून चढतात, आणि शरदात बर्फाच्या पुढे उतरतात. एकच मादी वर्षानुवर्षे त्याच खिंडीतून, त्याच नाल्याच्या काठाने जाते. म्हणजे ऑगस्टमध्ये एका युनिटात मोजलेलं हरण नोव्हेंबरात पलीकडच्या, बिननावाच्या युनिटात असू शकतं. नराचंही तसंच. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल उतरते, तेव्हा नर झाडीच्या वरच्या उघड्या कुरणांत टोळीने दिसतात. ऑक्टोबरात ते दाट झाडीत असे शिरतात, की आहेत की नाहीत असं वाटावं. नोव्हेंबरच्या मध्याला माजावर आले, की दिवसाढवळ्या माद्यांमागे फिरतात. योजनेची पहिली ओळ इथून सुरू व्हावी: हरणाच्या वर्षातला कोणता आठवडा मला हवा आहे, आणि त्या आठवड्यात ते कोणत्या उंचीवर असतं. मी मात्र सात वर्षं पॉइंटांची कोष्टकं पाठ केली आणि हा साधा प्रश्न कुणाला विचारला नाही.

2019 मध्ये शेवटी थांबायचं सोडलं आणि कोलोरॅडोच्या वायव्येला, व्हाइट नदीच्या खोऱ्यात, मादीचा परवाना घेतला. कुणी मागत नाही असा परवाना. तिथे जे झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पहाटे अंधारात एका लांब सोंडेच्या माथ्यावरून खाली ज्युनिपरच्या घळीकडे उतरायला लागलो. नकाशावर ही वाट मी घरी पन्नासदा पाहिली होती. उजाडायच्या आधी थंड हवा जड होऊन घळीत खाली वाहते हे मला वाचून माहीत होतं, आणि तरी मी तिच्याबरोबरच खाली चाललो होतो. माझा वास माझ्या आधी घळीत पोचत होता. पाठीला गार झुळूक लागत होती आणि मला ती सुखाची वाटत होती! उजाडलं तेव्हा पलीकडच्या उतारावर अकरा पांढरी ढुंगणं उसळ्या मारत वर जाताना दिसली. ना आवाज झाला होता, ना त्यांनी मला पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खालून आलो, वारा तोंडावर घेत, आणि सूर्य उतारावर येऊन हवा उलटी चढू लागायच्या आत समोरच्या सोंडेवर जाऊन बसलो. दुर्बीण तिकाटण्यावर लावली आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने पाहायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टा खाली. दोन तास काही नाही. मग एका ज्युनिपरच्या बुडाशी, सावलीत, एक करडं पान हललं. वारा पडलेला होता. पुन्हा हललं. ते पान नव्हतं, कान होता. एकदा कान दिसला, की त्याच्याभोवती हळूहळू सगळं हरण उमटलं: नाकाचा काळा ठिपका, मानेची रेघ, दुमडलेला पाय. आणि मग लक्षात आलं, की त्याच झाडाखाली आणखी दोन आहेत, आणि मी या तिघांवरून तीनदा नजर फिरवून पुढे गेलो होतो.

मादी पडली ती साडेदहाच्या सुमाराला. परवान्याची चिठ्ठी भरून सही केली आणि शरीराला बांधली. पुढचे साडेचार तास मांसाचे होते. कातडी सोडवणं, चारही पाय सांध्यातून काढणं, पाठीचे लांब तुकडे, आतले छोटे तुकडे, मानेचं मांस; खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा तिथे गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. बोटं थंडीने बधिर व्हायची, मग मांसात घातली की ऊब लागायची. कापडी पिशव्या मी तीन नेल्या होत्या, पाच लागल्या असत्या. गाडी सव्वा मैलावर होती. दोन खेपा. दुसऱ्या खेपेला गुडघे इतके थरथरत होते, की उतारावर बसून-बसून आलो. मादीचं हाडं काढलेलं मांस जेमतेम वीस किलो होतं. मोठ्या नराचं तीस-पस्तीस भरतं.

आता थांबा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा. हेच दोन दिवस मी पंधरा वर्षांच्या परवान्यावर काढले असते तर? वारा पाठीला घेऊन उतरण्याची चूक मी तिथेही केलीच असती, आणि कान ओळखायला डोळ्याला लागणारा वेळ तिथेही लागलाच असता. पॉइंटाने युनिट मिळतं, नजर आणि पाय मिळत नाहीत. दुर्मीळ परवान्यावर नवख्याने जाणं म्हणजे पोहायला शिकायला पहिल्यांदाच पुराच्या नदीत उतरणं. पूर्वपक्षवाले म्हणतात, नवखा सोप्या युनिटातून हात हलवत परत आला तर खचतो. माझा अनुभव उलटा आहे. अकरा हरणं घालवून परतलो त्या रात्री मी तंबूत बसून वाऱ्याची दिशा वहीत लिहीत होतो, कारण पुढच्या वर्षी पुन्हा येता येणार होतं. ज्याला पंधरा वर्षांत एकच संधी आहे त्याने त्या रात्री काय करावं?

गर्दीच्या आक्षेपात तथ्य आहे. ते नाकारत नाही. पण त्यावरचं जे ठरलेलं उत्तर आहे, ‘रस्त्यापासून पाच मैल आत जा’, तेही मला मान्य नाही, आणि ते देणारे बहुधा हेच लोक असतात. पाच मैल आत हरण मारलं आणि दिवस उन्हाचा असला, तर दोन-तीन खेपांत मांस खराब व्हायला लागतं. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला नऊ हजार फुटांवर पहिले दोन दिवस धड झोपही लागत नाही. आणि म्यूल डिअर मैल मोजून बसत नाही. बहुतेक माणसं पायवाटेने आत जातात, त्यामुळे पायवाट नसलेली, रस्त्यावरून न दिसणारी, गाडी थांबवायला जागा नसलेली घळ अर्ध्या मैलावरही शांत असते. माझी मादी सव्वा मैलावर होती आणि मधे महामार्गाचा आवाज ऐकू येत होता.

सोप्या युनिटांची खरी अडचण वेगळीच आहे, आणि पॉइंटांच्या कोष्टकात ती दिसत नाही. अनेकदा परवाना सहज मिळतो तो तिथली चांगली जमीन खाजगी असते म्हणून. नकाशा नीट पाहायचा तो यासाठी. 1862 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगत एक सोडून एक अशा चौरस मैलाच्या जमिनी दिल्या गेल्या, त्यामुळे वायोमिंगसारख्या राज्यात आजही सरकारी आणि खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी पसरलेली आहे. सरकारी घर सरकारी घराला फक्त कोपऱ्यात टेकतं. तो कोपरा ओलांडणं ही घुसखोरी का? 2021 मध्ये मिझुरी राज्यातल्या चौघा शिकाऱ्यांनी वायोमिंगच्या एल्क पर्वतावर शिडी टाकून असे कोपरे ओलांडले, तेव्हा खटला झाला. 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यासाठी आधार घेतला तो 1885 च्या, सार्वजनिक जमिनीला कुंपण घालून अडवू नये असं सांगणाऱ्या कायद्याचा. तो निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको या राज्यांना लागू आहे. माँटाना आणि आयडाहो त्या न्यायालयाच्या हद्दीत येत नाहीत. वायोमिंगचा आणखी एक नियम नवख्याला आयत्या वेळी कळतो: संरक्षित ‘विल्डरनेस’ क्षेत्रात परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार करायची तर परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी सोबत लागतो. वनखात्याची बाकीची जमीन मोकळी आहे. एक हिवाळा युनिटांच्या नावांऐवजी या गोष्टी शिकण्यात घालवला, तर पुढची सगळी वर्षं कामाला येतो.

माझ्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट मात्र अर्जाच्या छापील कागदावरच आहे. पूर्वपक्ष धरून चालतो, की थांबणं आणि जाणं यांतून एकच निवडता येतं. कोलोरॅडोच्या अर्जात चार पसंती देता येतात. पॉइंट जातात ते फक्त पहिल्या पसंतीचा परवाना लागला तर. पहिल्या पसंतीत नावाजलेलं युनिट किंवा नुसत्या पॉइंटाचा संकेतांक लिहिला आणि दुसऱ्या पसंतीत साधं युनिट, तर दुसऱ्या पसंतीचा परवाना हातात येतो आणि वर पॉइंटही वाढतो. बियाणं खाण्याचा प्रश्नच येत नाही. एप्रिलमधल्या अर्जांच्या सोडतीनंतर उरलेल्या परवान्यांची दुसरी सोडत निघते, आणि पुढे लोकांनी परत केलेले परवाने पुन्हा विक्रीला येत राहतात. वायोमिंग परराज्यातल्यांचे चतुर्थांश परवाने पॉइंट न पाहता काढतं. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात आणि तितक्या चिठ्ठ्या टाकतात, त्यामुळे कोऱ्या खात्याच्या माणसाचीही एक चिठ्ठी पेटीत असते. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत हरणासाठी पॉइंटांची पद्धतच नाही. न्यू मेक्सिकोत मात्र वाटाड्याविना येणाऱ्या परराज्यातल्यांना सहाच टक्के परवाने आहेत, तेव्हा तिथली आशा बेताची ठेवावी.

पूर्वपक्षाला एक गोष्ट मोकळेपणाने देतो. ज्याच्या खात्यावर वीस पॉइंट आहेतच, ज्याने आठ-दहा मोसम डोंगरात काढले आहेत, त्याने ते मोठ्या परवान्यावरच खर्चावेत. त्याच्यासाठी तो सल्ला मुळात बनला होता. बिघाड झाला तो पहिलटकराला दिला गेला तेव्हा.

सामानाबद्दल मी फार बोलत नाही. रायफल उसनी चालते, बूट उसने चालत नाहीत, दुर्बिणीवर मात्र पैसे खर्चावेत. नियमांतली दोन-तीन कामं वेळखाऊ आहेत. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत परवाना घेण्याआधी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. रायफलच्या मोसमात अंगावर पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग लागतो, डोक्यावरही. आपल्याकडून कामाच्या व्हिसावर गेलेल्यांनी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: संघराज्याचा कायदा तात्पुरत्या व्हिसाधारकाला बंदूक बाळगायला मनाई करतो, आणि त्याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे वैध शिकार परवाना. कागद हातात आल्याशिवाय दुसऱ्याच्याही बंदुकीला हात लावू नये, आणि वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. हरणांमधल्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाचीही चौकशी आधी करावी. तो पहिल्यांदा दिसला तो 1967 मध्ये, कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नका असं आरोग्य यंत्रणा सांगतात. डोकं तपासणी केंद्रावर द्यायचं आणि निकाल येईपर्यंत मांस गोठवून, नाव-तारीख लिहून वेगळं ठेवायचं. आमच्या घरी तेव्हा दोन आठवडे फ्रीजरचा वरचा खण कुणी उघडला नव्हता.

गेल्या मार्चमध्ये न्यू जर्सीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. “दादा, अकरा पॉइंट झालेत. आणखी चार-पाच वर्षं थांबलो तर होईल ना?” त्याने एकदाही हरण दुर्बिणीतून पाहिलेलं नाही. तासभर आम्ही अर्ज समोर ठेवून बोललो. पहिल्या पसंतीत त्याने त्याचं आवडतं युनिटच लिहिलं. ते मी हलवलं नाही. दुसऱ्या पसंतीचा रकाना अकरा वर्षं त्याने कोरा ठेवला होता. तिथे आम्ही एका साध्या युनिटातला, रायफलच्या तिसऱ्या मोसमाचा परवाना लिहिला; त्या युनिटात अर्ध्याहून जास्त जमीन सरकारी आहे आणि तिथे नोव्हेंबरात वरची हरणं उतरून येतात. जूनमध्ये निकाल आला. आता तो रोज संध्याकाळी पाठीवरच्या पिशवीत तांदळाची वीस पौंडी थैली घालून त्यांच्या इमारतीचे नऊ मजले चढतो. परवा त्याने विचारलं, दुसरी थैली कधीपासून घालू. ऑगस्टपासून, म्हटलं.